राजीनामा दिलेलं मंत्रिमंडळ खुर्चीवर राहिलं कसं? (नॉर्वे, १९०५)

फोंडेकर
वाचनालयाच्या अभ्यासमंडळात एकाच राजाखालच्या नॉर्वे-स्वीडनच्या फारकतीवर मला बोलायचंय. एका ठिकाणी गाडी अडलीय. मे १९०५मध्ये नॉर्वेचा पंतप्रधान मिकेल्सेन याच्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि ७ जूनपासून तीच मंडळी पुन्हा कारभारावर. हे कायद्यात बसवलं कसं? आणि उजवे, मध्यममार्गी, डावे, अशी सगळ्यांची मोट बांधली तरी कशावर?

दर्यावर्दी_वास्को
मोट बांधली कॉन्सुलांवर, म्हणजे परक्या बंदरांतल्या सरकारी प्रतिनिधींवर! माझी उभी हयात मुरगाव बंदरात जहाजांचे कागद करण्यात गेली, तेव्हा तिथूनच सुरू करतो. परक्या बंदरात तारवटी (खलाशी) आजारी पडला, मेला, पगारावरून कॅप्टनशी भांडला, की पहिलं दार कॉन्सुलचं. नॉर्वेचा व्यापारी ताफा स्वीडनपेक्षा मोठा, पण कॉन्सुल दोघांचे सामाईक आणि त्यांची सूत्रं स्टॉकहोमच्या हातात. मिकेल्सेन स्वतः बर्गनचा जहाजमालक. हे दुखणं त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं.

आता कायद्याचं. त्यांच्या संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, स्वतंत्र कॉन्सुलांचा कायदा केला. २७ मेला दोन्ही देशांचा राजा ऑस्कर याने मंजुरी नाकारली. राजाच्या निर्णयावर मंत्र्याची सही लागायची. ती करायला एकही मंत्री तयार होईना. सगळ्यांनी राजीनामे पुढे केले. राजा म्हणाला, सध्या दुसरं सरकार बनणं शक्य नाही, म्हणून राजीनामे स्वीकारत नाही. तिथेच तो सापडला! ७ जूनला स्टोर्टिंगने त्याचेच शब्द धरले: राजाला सरकार बनवता येत नाही, म्हणजे राजसत्ता चालेनाशी झाली, तेव्हा राजीनामा दिलेल्यांनीच तूर्त कारभार पाहावा. एका राजाखालची युनियन संपल्याचं तर त्याच ठरावात जाता जाता, पोटवाक्यात उरकलंय. एवढा चोख मसुदा मी क्वचित पाहिलाय.

डिचोलीकर
खाणमालक मुख्यमंत्री आपण गोव्यात पाहिलाय, भाऊसाहेब बांदोडकर, जहाजमालक पंतप्रधानाचं काय नवल :) पण त्या एकीचे फार गोडवे नकोत. अर्थमंत्री गुन्नार क्नुडसेन प्रजासत्ताकवाला. बाकीचे डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला गादीवर बसवायला निघाले, तेव्हा हा त्याच वर्षी बाहेर पडला. पुढे १९०८मध्ये पंतप्रधान झाला, तोही त्याच राजाचा!

फोंडेकर
आभार दोघांचेही. लोकांना कधी विचारलं मग?

दर्यावर्दी_वास्को
दोनदा. १३ ऑगस्टला फारकतीच्या बाजूने ३,६८,२०८ मतं, विरुद्ध फक्त १८४. बायकांना मत नव्हतं, त्यांनी सह्या गोळा केल्या, दोन लाखांवर. नोव्हेंबरात राजा हवा का, यावर २,५९,५६३ हो, ६९,२६४ नाही. कार्लचा हाकून सातवा झाला तो त्यानंतर.

तुमच्या श्रोत्यांना गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरचा १९६७चा आपला जनमत कौल आठवणारच, तेव्हा एक फरक जरूर सांगा. इथे भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ कौलाआधी पायउतार झालं होतं. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. तिकडे मिकेल्सेन खुर्चीवर बसूनच राजाचा प्रचार करत होता. नोव्हेंबरच्या आकड्यांना मी म्हणूनच थोडं कमी मानतो. ऑगस्टच्या नाही, १८४ काही दबावाने होत नाहीत.

डिचोलीकर
वास्कोकर, तुम्ही राजाच्या विरुद्ध मत दिलं असतंत, हे कळलं.

दर्यावर्दी_वास्को
अलबत!