मदत हवी आहे – बाबांचे ब्लॉकेज आणि टेन्शन
बाबा ६४ वर्षांचे, अँजिओग्राफीत हृदयाच्या एका नळीत ६० टक्के ब्लॉकेज निघालं, स्टेंट नको म्हणाले डॉक्टर, अ‍ॅस्पिरिन ७५ (रक्त पातळ ठेवायला), स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायला) आणि मेटोप्रोलॉल (बीपी आणि ठोके कमी ठेवायला) चालू आहे. पण भावकीच्या जमिनीच्या केसची तारीख आली की यांचा नुसता भडका उडतो, रात्रभर झोप नाही. डॉक्टर म्हणाले रागात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्याने प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकट होतात, बीपी चढून नळीतली चरबीची गाठ फुटली तर तिथेच गुठळी होते, आणि पहाटे-सकाळी अटॅकचा धोका जास्त. आता बाबा गोळ्या नियमित घेतील, पण डोकं शांत कसं ठेवायचं? कुणाच्या घरी प्राणायाम, सकाळचं चालणं किंवा काउन्सेलिंगचा खरंच उपयोग झालाय का? शेजारचे काका रोज लसूण खा म्हणतायत, अ‍ॅस्पिरिनसोबत चालतो का तो?