काट्याची पावती दोनदा चढते, दुबार मेसेज कुठं गाळावे?

जिनिंगवाला: हिंगणघाटजवळ एका जिनिंगमधलं काट्याचं सॉफ्टवेअर पाहतो. काट्यावरचा पीसी वजनाची पावती रॅबिटएमक्यूत (मेसेजची रांग) टाकतो, तिथून अपाची कॅमल (मेसेज इकडून तिकडे नेणारा प्रोग्राम) ती हिशोबाच्या पोस्टग्रेस डेटाबेसात नेतो. नेट तुटलं की पीसी तीच पावती पुन्हा पाठवतो अन् एकाच कापसाचा चुकारा दोनदा लागतो. कॅमलचा आयडेम्पोटंट कन्झ्युमर, म्हणजे दुबार मेसेज गाळणारी चाळणी, मेसेज आयडीवर लावला आहे, तरी दुबार येतातच. काहून?

वर्धेकर: पीसी दरवेळी नवा मेसेज बनवत असेल, म्हणजे आयडीही नवा. ओळखायची किल्ली पावतीवरूनच ठरवा: काटा, हंगाम, पावती नंबर. हंगाम हवाच, दिवाळीनंतर नंबर पुन्हा १ पासून सुरू होत असतील तर. गाडी नंबर अन् वजनावर जाऊ नका, बैलगाडीला कुठला नंबर!

जिनिंगवाला: पण एकाच पावतीचे दोन खरे मेसेज येतात. आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या.

वर्धेकर: मग टप्पाही किल्लीत घाला. नाहीतर रिकाम्या गाडीचं वजन दुबार समजून गाळलं जाईल.

रात्रपाळी: किल्ल्या ठेवता कुठं? कॅमलची मेमरीतली रिपॉझिटरी (आलेल्या किल्ल्यांची यादी) डीफॉल्टनं १००० किल्ल्या धरते अन् लाईन (वीज) गेली की कोरी. आणखी एक: कॅमल डीफॉल्टनं किल्ली आधी नोंदवतो, काम मागून. एरर आली तर किल्ली काढून टाकतो, पण मधेच लाईन गेली तर काढणार कोण? किल्ली डेटाबेसात टिकून राहिली तर खरी पावतीच दुबार ठरते. दोनदा चढलेलं हिशोबात सापडतं. हरवलेल्या पावतीसाठी शेतकरी चकरा मारत बसतो. मी तर पावतीच्या टेबलावरच त्या किल्लीचं युनिक बंधन (तीच किल्ली दोनदा चालणार नाही) घालीन अन् ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (आधीच असेल तर काही करू नको) वापरीन. पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. नोंद पक्की झाल्यावरच रॅबिटला पोच द्या.

नवा_गडी: त्यापेक्षा रॅबिटऐवजी काफ्का घ्या ना, त्यात एक्झॅक्टली वन्स (मेसेज एकदाच धरला जाण्याची सोय) आहे.

रात्रपाळी: दुबार तर काट्यावरच जन्मते, भाऊ. काफ्का प्रोड्युसरच्या (मेसेज पाठवणाऱ्या भागाच्या) स्वतःच्या रीट्राय ओळखतो. ॲपनं नव्यानं पाठवलेली पावती त्याला नवीच वाटते.

जिनिंगवाला: अन् शेतकऱ्याला जाणारा एसएमएस?

रात्रपाळी: पावती चढते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं नाहीतर काहीच नाही) ‘पाठवायचे एसएमएस’ टेबलात ओळ टाका, पण पावतीची ओळ खरंच चढली असेल तरच. पाठवणारा प्रोग्राम वेगळा ठेवा. एखादा एसएमएस दोनदा गेला तर चालतं.

वर्धेकर: किल्ली तीच पण वजन वेगळं आलं तर मात्र गुपचूप गाळू नका. ती ओळ बाजूला काढून मुनीमजींना दाखवा.