आजोबा इटलीत होते, पण नक्की कुठे?

रानवारा:
माझे आजोबा (आईचे वडील) दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते. इटलीत होते एवढं घरात सगळ्यांना माहितीये, पण लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत म्हणे. बोलले तर भूक, थंडी आणि डोंगर, आणि आईला लहानपणी इटालियनमधे आकडे मोजून दाखवायचे. आता आईला घेऊन जायचं चाललंय. कासिनो आणि सांग्रो नदी असा प्लॅन केलाय कारण मराठा पलटण शोधलं की नेटवर हेच येतं. पण ते तिथेच होते हे कसं कळणार? घरी मेडल्स आणि डिस्चार्जचं जीर्ण पुस्तक आहे, अजून उघडलेलं नाही.

जुनेकागद:
तिकिटं नंतर, आधी ते पुस्तक उघडा आणि बटालियन बघा. नुसत्या रेजिमेंटवरून काही कळत नाही. १/५ मराठा (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन) आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर होती. ती डिव्हिजन सप्टेंबर १९४३ ला दक्षिण इटलीतल्या तारांतो बंदरात उतरली, नोव्हेंबरात सांग्रोवर लढली, आणि पुढे ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच बटालियनमधे. ३/५ ची वाट पूर्ण वेगळी, व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले ते त्या बटालियनचे. बटालियन कळली की लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे डब्ल्यूओ १७० या मालिकेत इटलीतल्या वॉर डायऱ्या (पलटणीने ठेवलेल्या रोजच्या नोंदी) आहेत, महिन्यावार. त्यात साध्या जवानाचं नाव क्वचितच येतं, तेव्हा आजोबा नाही, त्यांची पलटण शोधायची असं धरून चला. आणि मेडल्सचा फोटो टाका.

सह्यकडा:
एक सांगतो, स्मारकावर नाव दिसलं म्हणजे माणूस तिथेच गेला असं नसतं. घाडग्यांचं नाव कासिनोच्या मेमोरियलवर आहे आणि ते पडले तिथून कितीतरी उत्तरेला, देह सापडला नाही म्हणून. तिकडे मोंतोने गावात २०२३ मधे त्यांच्या नावाचं सनडायल (सूर्यघड्याळ) स्मारक झालंय, वाटेत असेल तर बघाच. सांग्रोच्या सिमेटरीत हिंदू-शीख जवानांच्या कबरी शोधत फिरू नका, दहन झालेल्यांची नावं वेगळ्या क्रिमेशन मेमोरियलवर आहेत.

रानवारा:
पुस्तकात चक्क २/५ लिहिलंय!! आणि मेडल्समधे वाळूच्या रंगाच्या फितीचा स्टार आहे, मधे लाल पट्टा. इटलीच्या झेंड्यासारखा लाल-पांढरा-हिरवा कुठलाच नाही. मग इटलीत नव्हतेच का?

जुनेकागद:
होते की. पण बहुतेक कैदी म्हणून. वाळूच्या रंगाचा तो आफ्रिका स्टार. लाल-पांढरा-हिरवा म्हणजे इटली स्टार, तो जून १९४३ नंतर तिकडे लढलेल्यांना मिळाला. २/५ अकराव्या भारतीय ब्रिगेडमधे उत्तर आफ्रिकेत, लिबियातल्या टोब्रुकला होती आणि २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा तीस हजारांहून जास्त सैनिक पकडले गेले, त्यातले खूप जण बोटीने इटलीला नेले. भारतीयांचा एक मोठा कॅम्प अब्रुझ्झो प्रांतात आवेझ्झानोला होता, डोंगरांच्या मधोमध. भूक, थंडी, इटालियन आकडे, सगळं जुळतंय बघा. नक्की कुठला कॅम्प ते जिनिव्हाला रेडक्रॉसच्या अर्काइव्हला विचारा, त्यांच्याकडे युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत. फक्त अर्ज ते वर्षातून ठराविक वेळीच घेतात आणि उत्तराला वेळ लागतो, सो आत्ताच नंबर लावा.

सह्यकडा:
आवेझ्झानो रोम-पेस्कारा रेल्वेलाइनवरच आहे, आईंना त्रास नाही होणार.

रानवारा:
आईला वाचून दाखवलं. आधी गप्प बसली, मग म्हणाली बाबा सांगायचे की एका म्हातारीने त्यांना गोठ्यात लपवलं होतं, आम्हाला ती गोष्टच वाटायची. म्हणजे आता सांग्रो रद्द करू ना?

जुनेकागद:
अजिबात नको! ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाल्यावर हजारो कैदी कॅम्पमधून निसटले, काहींना जर्मनांनी परत धरलं, आणि अब्रुझ्झोच्या खेड्यांतल्या लोकांनी जिवावर उदार होऊन कितीतरी जणांना लपवलं. त्यातले बरेच डोंगर उतरून आपल्या फौजेकडे जायला बघत होते आणि त्या नोव्हेंबरात फ्रंट होता नेमका सांग्रोवर. आजोबा तिथपर्यंत पोचले की नाही ते रेडक्रॉसच्या कागदावरून कदाचित कळेल. आईंना म्हणावं त्या म्हातारीचं, गावाचं जे आठवेल ते आत्ताच फोनमधे रेकॉर्ड करून ठेवा.