बाबांच्या डिस्कांसाठी टीव्हीला छोटा पीसी जोडू की सरळ डिस्क प्लेयर घेऊ?

माडाखाली:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

आईबाबा कुडाळजवळ गावाला असतात, मी पुण्यात. बाबांकडे डिस्कांची दोन कपाटं आहेत. मे महिन्यात गेले तेव्हा बसून मोजल्या, ७१ व्हीसीडी, ३८ डीव्हीडी आणि भावाने अमेरिकेहून आणलेल्या ४ ब्लू-रे. व्हीसीडीत निम्म्याहून जास्त दशावताराच्या आहेत, जत्रेत स्टॉलवर मिळायच्या त्या, एकेक नाटक ३ डिस्कांचं, कव्हरवर मंडळाचं नाव आणि मुकुट घातलेल्या कलाकारांचे फोटो. बाकी संगीत नाटकं आणि जुने सिनेमे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढायला सुरुवात केली होती ना, तेव्हा बाबा पगार झाला की दोनतीन घेऊनच घरी यायचे.

आता प्लेयर गेलाय. डिस्क घातली की आत टिक-टिक करतो, जरा वेळ फिरवतो आणि डिस्क नाही म्हणतो. टीव्ही गेल्या दिवाळीत नवा घेतलाय, ४३ इंची फोरके, त्याला मागे पिवळी-लाल-पांढरी भोकंच नाहीयेत. भाऊ म्हणतो प्लेयरच्या नादाला लागू नका, छोटा पीसी घ्या, टीव्हीमागे चिकटवा, सगळं त्यावर चालेल, यूट्यूबपण, शिवाय उद्या मी अमेरिकेतून रिमोटने दुरुस्त पण करीन. शेजारचे काका म्हणतात चांगला ब्लू-रे प्लेयर घे, सीडी-डीव्हीडी सगळं खातो तो.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांचं म्हणणं एकच, "माका ता कायच कळणा नाय, डिस्क घालूची नि बघूची." आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दिवसातून चारदा जाते तेही धरा.

गणपतीच्या आधी काहीतरी बसवून द्यायचंय. बजेट १५-२० हजार, पण पैशापेक्षा त्यांना हाताळता आलं पाहिजे हे महत्त्वाचं. काय घेऊ?

सोल्डरगन:

ताई, वीस वर्षं हेच दुरुस्त करतोय म्हणून सांगतो, पीसी नको. बाबांनी एका वाक्यात उत्तर दिलंय.

आधी जुना प्लेयर फेकू नका. टिक-टिक करतो आणि डिस्क ओळखत नाही म्हणजे बहुतेक वेळा लेन्स गेलेली असते किंवा तिच्यावर धूळ आणि ओल बसलेली असते, बोर्ड सहसा चांगला असतो. गावातल्या मेकॅनिकला उघडून बघायला सांगा, पुसून चालला तर चालला, नाहीतर लेन्स बदलावी लागेल, पण आता चांगली नवी लेन्स मिळायला वेळ लागतो आणि दुसऱ्या मशीनची काढून बसवलेली फार टिकत नाही. टीव्हीला तीन भोकं नसली तरी बऱ्याच टीव्हींना मागे हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं, एव्ही लिहिलेलं, त्याची वेगळी वायर मिळते. तेही नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी काडेपेटीएवढी डबी येते, स्वस्त असते.

नवा घ्यायचा तर एक गोष्ट बघून घ्या आणि यात भले भले फसतात. ब्लू-रे प्लेयर "सगळं खातो" हे खरं नाही. डीव्हीडी खातो, गाण्यांची सीडी बहुतेक खातो, पण व्हीसीडी सगळे घेत नाहीत. मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या डिस्कांची यादी असते तिच्यात व्हीसीडी हा शब्द दिसला तरच पैसे द्या, किंवा दुकानात एक डिस्क घेऊनच जा. कुणी प्लेस्टेशन घ्या म्हणेल, तर पीएस फोर आणि पीएस फाइव्ह सीडीच वाचत नाहीत, मग व्हीसीडीचं नावच नको. साधा एचडीएमआयवाला डीव्हीडी प्लेयर ज्याला पुढे यूएसबी आहे तो मात्र व्हीसीडी सहसा चालवतो.

आणि घ्यायचाच असेल तर लवकर घ्या. ओप्पोने २०१८ ला प्लेयर बंद केले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेयर आणणं थांबवलं, २०२४ च्या शेवटी एलजीपण बाहेर पडली. माल कमी होतोय.

पिक्सेलवेडा:

मी ९ वर्षं टीव्हीला पीसीच जोडून वापरतोय, आधी जुना डेस्कटॉप होता, आता एन१०० प्रोसेसरचा तळहाताएवढा मिनी पीसी आहे. त्यामुळे माझं मत पीसीकडेच झुकणार, पण तुमच्या केसमध्ये आंधळेपणाने घ्या म्हणणार नाही.

पीसीचं खरं सुख डिस्क लावण्यात नाहीये, डिस्क कायमची कपाटात ठेवून देण्यात आहे. सगळं हार्डडिस्कवर, कोडी नावाचं सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर टाकायचं, स्क्रीनवर कव्हरं दिसतात, बाण फिरवायचा, ओके दाबायचं, काल जिथे बंद केलं तिथून पुढे सुरू. सिनेमांची कव्हरं कोडी नेटवरून स्वतः आणतं, दशावताराची कुठून आणणार, ती तुम्हाला मोबाईलने फोटो काढून त्या त्या फोल्डरमध्ये पोस्टर नावाने टाकावी लागतील. एकदाच करायचं काम आहे पण दोन रविवार जातात. यूट्यूब तर तुमच्या टीव्हीतच असेल, त्यासाठी पीसी लागत नाही.

आता त्रास. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजमध्ये आपोआप येत नाही आणि विंडोज १० ने मीडिया सेंटरच काढून टाकलं. डीव्हीडी-व्हीसीडीला व्हीएलसी हे सॉफ्टवेअर टाकलं की काम होतं, फुकट आहे. ब्लू-रेला मात्र कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असतं, व्हीएलसी नुसतं टाकून ती चालत नाही, विकतचं सॉफ्टवेअर लागतं आणि तेही अपडेट करत राहावं लागतं, नाहीतर नवी डिस्क उघडत नाही. फोरके ब्लू-रेचं तर पीसीवर संपलंच म्हणा, तिला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागायची आणि ११व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून इंटेलने ती काढून टाकली. म्हणजे जितका नवा पीसी तितकी अडचण जास्त. ब्लू-रे बघायची तर प्लेयरच घ्यावा, हे मी पीसीवाला असून सांगतो.

भावाच्या ४ डिस्कांचं कव्हर उलटून बघा. मागे षटकोनात ए, बी, सी असं अक्षर असतं, डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे ते सांगणारं. अमेरिका ए, आपण सी. नुसतं ए असेल तर इथला प्लेयर ती घेणार नाही, तिन्ही अक्षरं असली तर चालेल. फोरके डिस्कला ही भानगड नाही.

रिमोटचं पण सांगतो. टीव्हीच्याच रिमोटने प्लेयर चालतो त्याला सीईसी म्हणतात, बहुतेक पीसींना ते नसतं. म्हणजे बाबांच्या हातात दोन रिमोट, त्यातला एक माऊससारखा हवेत फिरवायचा. आमच्या आईने तो आठ दिवसांत ठेवून दिला, कारण बाण कुठे गेला ते तिला दिसायचंच नाही. लाईट गेली की पीसी आपोआप परत सुरू होत नाही, बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या आतल्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करून ठेवावं लागतं. आणि ऐन नाटक रंगात असताना विंडोज अपडेट आलं तर तुम्ही पुण्यात, भाऊ अमेरिकेत झोपलेला, बाबा काय करणार?

चित्र सुधारेल म्हणून पीसी घेत असाल तर तेही नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, फोरके टीव्हीचं ३८४० बाय २१६०, म्हणजे टीव्हीला डिस्कवरच्या एकेका ठिपक्यातून साधारण ८२ ठिपके भरायचे असतात. कुठलंही मशीन लावा, नसलेले बारकावे ते आणू शकत नाही. फक्त टीव्हीत चित्र ४:३ वर ठेवा, ताणू नका, नाहीतर सगळे राजे आडवे जाड दिसतात.

वाटसरू:

मिनी पीसीला डिस्क ड्राइव्ह नसतो हे कुणी बोललंच नाही. बाहेरून यूएसबीचा डीव्हीडी रायटर जोडावा लागेल, म्हणजे अजून एक वायर.

चष्मा:

माडाखाली, तू प्लेयर का पीसी हे विचारतेयस पण मला भीती वेगळीच वाटतेय. कोकणातला पावसाळा, प्लास्टिकचे खिसे आणि १५-२० वर्षांच्या डिस्का. आमच्याकडे राजापूरला वडिलांच्या नाटकांच्या डिस्कांवर बुरशीने कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा काढल्या होत्या, काही खिशांना अशा चिकटल्या होत्या की सोडवताना वरचा चंदेरी थर सोलून आला आणि तिथून पलीकडचा उजेड दिसायला लागला. ती डिस्क गेली ती गेलीच. मशीन गणपतीनंतरही येईल, पण डिस्का आत्ता कंप्युटरवर उतरवून घे.

व्हीसीडीला कुलूप नसतं ही आपली जमेची बाजू. पण नुसतं कॉपी-पेस्ट करायला गेलीस तर अडकशील. आत एमपीईजीएव्ही फोल्डर असतो, त्यात एव्हीएसईक्यू०१.डॅट अशी मोठी फाइल, तोच व्हिडिओ. कंप्युटरच्या साध्या सीडीत दर सेक्टरला, म्हणजे डिस्कवरच्या एकेका छोट्या तुकड्याला, २०४८ बाइट माहिती आणि चुका दुरुस्त करायला वर जादा बाइट असतात. व्हीसीडीत ती दुरुस्तीची जागाही व्हिडिओलाच देऊन २३२४ बाइट भरलेत. त्यामुळे प्लेयरला ओरखडा आला तरी तो चित्र जरा तुटकं दाखवून पुढे जातो, पण विंडोज मात्र पहिल्याच खराब सेक्टरला हात वर करतं. आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर घे, त्यात फाइलवर राइट क्लिक करून फक्त एमटूएफटू व्हिडिओ फ्रेम काढायचा पर्याय आहे, खराब जागा वगळून पुढे जा म्हणायचं. निघालेल्या फाइलला एमपीजी नाव दे, बस. तिला परत एमपी फोर वगैरे करत बसू नकोस, आधीच कमी असलेलं चित्र आणखी बिघडतं.

धुवायच्या असतील तर साधं पाणी, थेंबभर भांड्याचा साबण, आणि सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनसुद्धा नको, प्लास्टिक पांढरं पडतं. आणि सीडीची नाजूक बाजू वरची, चित्र छापलेली, माहितीचा थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जरा दणकट.

७१ व्हीसीडी म्हणजे सरासरी ७०० एमबी धरले तर ५० जीबी, एका ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बाबांचा अख्खा दशावतार मावतो. कॉपी मात्र दोन ठिकाणी ठेव. आणि एक ड्राइव्ह वाचत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हमध्ये घालून बघ, माझ्या तीन डिस्का लॅपटॉपला नाही आल्या त्या ऑफिसमधल्या जुन्या डेस्कटॉपला आल्या. घरी भरलेल्या डिस्का असतील, लग्नाच्या, मुंजीच्या, त्या सगळ्यात आधी. त्या शाईवर भरलेल्या असतात आणि ती शाई उडते.

सोल्डरगन:

चष्मा ताईंचं शंभर टक्के बरोबर. आणि मग यूएसबीवाला प्लेयर आणखीच कामाचा, पेनड्राइव्ह पुढे खोचला की त्याच रिमोटवर एमपीजी चालतात. पेनड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करा, बरेच साधे प्लेयर दुसरं काही ओळखत नाहीत. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही पण व्हीसीडीला काही फरक पडत नाही.

माडाखाली:

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

मैत्रिणीचा यूएसबी रायटर मागून घेतला आणि चार दिवस रजा टाकून गावी बसले. ७१ पैकी ५८ पूर्ण निघाल्या, ९ मध्ये मधेमधे चित्र अडकतं पण आवाज समजतो, ४ अजिबात नाही. मुंजीची डिस्क खरंच सापडली, २००४ ची, वर आईच्या अक्षरात तारीख लिहिलेली. शेवटची दहा मिनिटं आली नाहीत पण आजी मातृभोजनाला भावाला भरवतेय ते आहे. आजी जाऊन ११ वर्षं झाली. आईने ते तीनदा बघितलं.

प्लेयर साधा डीव्हीडीचाच घेतला, एचडीएमआय आणि यूएसबीवाला, दुकानात व्हीसीडी लावून बघूनच. पेनड्राइव्हवर फोल्डरना आधी मराठीत नावं दिली होती तर टीव्हीवर नुसते चौकोन दिसायला लागले, मग सगळी इंग्रजी अक्षरांत परत लिहिली, शिवाय पुढे आकडा टाकला, आणि बाबांच्या वहीत तोच आकडा नि नाटकाचं नाव मोठ्या अक्षरात. आता ते वहीत बघून आकडा शोधतात. पण डिस्क चांगली असली तर अजून डिस्कच लावतात, कव्हर मांडीवर घेऊन. लाईट गेली आणि आली तरी प्लेयरला काही होत नाही. ब्लू-रे चारही नुसत्या ए निघाल्या, त्या भावाला परत देणार. पीसी घेतला तर माझ्यासाठी घेईन, पुण्यात.

एक विनंती आहे. ज्या ४ निघाल्या नाहीत त्यातली एक तीन डिस्कांच्या नाटकातली २ नंबरची आहे. १ आणि ३ नीट आहेत, संकासूर येऊन जातो आणि एकदम शेवटच्या युद्धालाच सुरू होतं. त्यातला पेटीवाला बाबांचा शाळूसोबती होता आणि त्याची मोठी बैठक नेमकी दुसऱ्या डिस्कवर आहे. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडे कुणाच्या घरी जुन्या डिस्कांचा डबा असेल तर बघाल का? कव्हरचा फोटो टाकते.

वाटसरू:

टाका फोटो. मामा वेंगुर्ल्याला असतो, त्याच्या पोटमाळ्यावर अशा दोन पिशव्या आहेत. शनिवारी जातोय, बघून कळवतो.