भरताच्या वांग्याला शेंडेअळी, वासाची झाडं लावून फरक पडतो का? सल्ला द्या

तापीकाठ (यावल):
राम राम मंडळी. अर्धा एकर भरताचं वांगं आहे, फुलावर आलंय आणि शेंडे माना टाकायला लागलेत. शेंडा मोडून उभा चिरला की आत गुलाबीसर अळी. दुकानदार दोन-तीन औषधं मिसळून मारायला सांगतो, पण तोडा दर चार-पाच दिवसांनी होणार, औषधाचा अंश जायच्या आत माल बाजारात आणि तिथून लोकांच्या ताटात, हे मला पटत नाही. शेजारचे आप्पा म्हणतात बांधाला तुळस, झेंडू, गवती चहा लाव, वासाने कीड येत नाही. कोणी केलंय का? कोणतं झाड कोणत्या किडीला ते सांगा.

अमळनेरकर:
गवती चहा आमच्या बांधाला कधीचा आहे, किडीत फरक काहीच दिसला नाही भो. निंबोळी अर्क मारा.

मका_कपाशी (शिरपूर):
गवती चहाचं तेल पानाच्या आत असतं दादा, पान चुरगाळलं की वास सुटतो, नुसतं बांधावर उभं राहून ते अर्धा एकर कसं राखणार. आणि एकच वास एका किडीला पळवतो अन् दुसरीला बोलावतो हेही लक्षात घ्या. हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ बिहारात पुसाला होते, त्यांनी 1912 मध्ये लिहून ठेवलंय की डासांसाठी वापरलेल्या सिट्रोनेला तेलावर (गवती चहाच्याच जातीच्या गवताचं तेल) फळमाश्या येऊन बसल्या, आणि सगळ्या नर. पुढे त्यातूनच मिथाइल युजेनॉल हा नर माशीला ओढणारा वासाचा पदार्थ सापडला, आज आंबा-पेरूच्या फळमाशीच्या सापळ्यात तेच असतं. आपल्या तुळशीतही ते असतं. म्हणजे तुळस फळमाशीच्या नराला ओढते, वांग्याच्या अळीशी तिचा संबंध नाही.

झेंडूचंही तसंच. टोमॅटोत झेंडू लावतात ते हिरव्या बोंडअळीच्या मादीने फळाऐवजी झेंडूवर अंडी घालावीत म्हणून. शिवाय झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, कमी होतात. सूत्रकृमीचा त्रास वांग्यालाही होतो, तेव्हा झेंडू जरूर लावा, पण शेंडेअळीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

खरं जमवलेलं काम बघायचं तर केनियात बघा. तिथे मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय पीक लावतात, त्याच्या वासाने खोडकिडीची मादी मक्यापासून लांब जाते, आणि शेताभोवती नेपियर गवत, ते तिला ओढून घेतं, ती तिथे अंडी घालते आणि अळ्या बहुतेक तिथेच मरतात. एकीकडून ढकलायचं, दुसरीकडे ओढायचं. मला हे फार आवडतं कारण यात किडीचा स्वभाव ओळखून काम केलंय. पण ते मक्याचं आणि खोडकिडीचं गणित आहे, वांग्याला जसंच्या तसं लागू होत नाही.

गिलकेवाली (चोपडा):
भाऊ, मी वांग्यात दोन ओळींच्या मध्ये कोथिंबीर टाकते. ज्या वाफ्यात कोथिंबीर असते तिथे शेंडे कमी वाळतात हे मी दरवर्षी बघते, नुसतं वांगं असलेल्या वाफ्यात जास्त. या अळीचा पतंग रात्री येतो, पानांवर अंडी घालतो, मधे दुसरा वास असला की त्याला वांगं नीट सापडत नसावं. पण त्यासोबत रोज सकाळी वाळलेला शेंडा अळीच्या खाली बोटभर मोडायचाच आणि पिशवीत घालून शेताबाहेर नेऊन जाळायचा किंवा खोल पुरायचा. शेतातच टाकला तर अळी त्यातून निघून जमिनीत कोष करते, मग सगळी मेहनत वाया. छिद्र पडलेली फळंही तशीच उचला.

तापीकाठ (यावल):
ताई, कोथिंबीर आजच टाकतो. कामगंध सापळे लावू का? आणि निंबोळी अर्क घरी कसा करायचा?

मका_कपाशी (शिरपूर):
लावाच. पण दुकानात वांग्याच्या शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीचाच ल्यूर मागा, ल्यूर म्हणजे सापळ्यात लावायची मादीच्या वासाची गोळी. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा ल्यूर वेगळा, हिरव्या बोंडअळीचा वेगळा, चुकीचा लावला तर सापळा रिकामा राहतो आणि माणसाला वाटतं कीडच नाही. वांग्याला पाण्याचा सापळा चांगला, पाण्यात थोडी साबणपूड टाकायची, पिकाच्या शेंड्यांच्या जरा वर राहील असा बांधायचा आणि झाड वाढेल तसा वर सरकवायचा. दुसऱ्या किडीचा ल्यूर हाताळलेला असेल तर हात धुऊनच हा लावा. यात नरच येतात, मादी नाही, म्हणून शेंडे मोडायचं काम थांबवू नका.

अर्कासाठी वाळलेल्या निंबोळ्यांची 5 किलो भरड रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबण पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि एकूण 100 लिटर करा. फवारणी संध्याकाळी, उन्हात त्याचा अंश लवकर मोडतो. अळी लगेच मरत नाही, खाणं सोडते आणि तिची वाढ अडते. शेंड्याच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही, म्हणून सापळ्यात पतंग दिसायला लागले की लगेच मारा.

गिलकेवाली (चोपडा):
आणि भाऊ, धने चपलेखाली रगडून दोन फोडी करून टाका, आख्खे टाकले तर उगवण उशिरा होते. सगळी कोथिंबीर विकायला काढू नका, काही झाडं फुलावर येऊ द्या. त्या पांढऱ्या फुलांवर ढालकिडे अन् बारीक गांधीलमाश्या येतात, त्या आपल्या कामाच्या. फूल असेल तोवर कुठलंच रासायनिक औषध मारू नका.