गर्भात ‘किडनीचं हॉर्मोन’ बनतं कुठे? फक्त यकृतात म्हणणं बरोबर आहे का?

सराफा_इंदूर
‘एरिथ्रोपोएटिन (लाल रक्तपेशी वाढवणारं हॉर्मोन) हे किडनीचं हॉर्मोन’ हे वाक्य इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना सरसकट शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. गर्भात ते यकृत बनवतं. झांजानी यांच्या गटाने १९७७ मध्ये मेंढीच्या गर्भाच्या दोन्ही किडन्या काढल्या, तरी रक्त काढल्यावर हॉर्मोन वाढलंच. यकृताचा मोठा भाग काढला तेव्हा मात्र ते घसरलं. मेंढीत हे काम किडनीकडे जातं ते थेट प्रसूतीच्या आसपास, तेही हळूहळू.

नर्मदाकाठ
सराफाजी, प्रयोग पक्का आहे, पण तो गर्भाच्या उत्तरार्धातला. तोवर मध्यवृक्क (गर्भाची सुरुवातीची तात्पुरती किडनी) विरून गेलेलं असतं, काढलं ते पश्चवृक्क, म्हणजे पुढे कायम राहणारी किडनी. विंटूर यांच्या गटाला १९९६ मध्ये मेंढीच्या मध्यवृक्कात, साधारण सहाव्या आठवड्यात, याच हॉर्मोनच्या जनुकाचा भरपूर आरएनए (जनुक चालू असल्याची खूण) मिळाला. गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा. सुरुवातीच्या दिवसांचा निवाडा उत्तरार्धावरून कसा करता?

सराफा_इंदूर
आरएनए दिसला म्हणजे हॉर्मोन रक्तात उतरलं, असं होत नाही. शिवाय उंदरात मध्यवृक्क नावापुरतंच असतं. हे जनुक बंद केलेले उंदरांचे गर्भ गर्भकाळाच्या तेराव्या दिवसाच्या सुमारास मरतात, कारण यकृतात लाल पेशी तयारच होत नाहीत.

महूकर
अहो, पण त्यातून हॉर्मोनची गरज कळते, जागा नाही! आणि नमुन्याबद्दल दोघंही बोलत नाही. कत्तलखान्यातून बकरीचा गर्भ घेतला, तर आई मेल्यापासून त्याचा ऑक्सिजन तुटतो, आणि हे जनुक ऑक्सिजन घटला की चढतं. गर्भाशय उघडायला जितका उशीर, तितका आकडा फुगीर. म्हणून आधी डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय ठरवा, लगेच अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडे करून आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात) टाका. मध्यवृक्काला जननग्रंथी चिकटलेली असते आणि समोर यकृत फुगलेलं असतं. चिमट्याला लागलेला यकृताचा कण सगळा निकाल फिरवतो. त्याच नमुन्यात अल्ब्युमिनचं (मुख्यतः यकृतात बनणाऱ्या प्रथिनाचं) जनुक तपासा; ते जोरात आलं तर नमुना फेका.

नर्मदाकाठ
ही तपासणी हवीच, मान्य. पण रेनिन, म्हणजे रक्तदाब सांभाळणारं किडनीचं विकर, विसरू नका. गर्भाच्या किडनीत ते मोठ्या धमन्यांच्या भिंतींतही सापडतं, जन्मानंतर आकसून ग्लोमेरुलसच्या (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुंत्याच्या) तोंडाशी उरतं. तिथे ‘गर्भात यकृत, मग किडनी’ हा नियम लावला तर विद्यार्थी हमखास चुकणार.