नवी डिस्क बसली पण पॅड बाहेर डोकावतायत (गॉल्फ मार्क ४)

नमस्कार मंडळी,

विषय गाडीचा आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ डिलीट मारा. माझी २००२ ची फोक्सवॅगन गॉल्फ मार्क ४ (म्हणजे चौथी पिढी) आहे, जुनी घेतलेली, मी तिसरा मालक. पुढचे ब्रेक करकरायला लागले म्हणून पॅड-डिस्क दोन्ही बदलायचं ठरवलं, वेबसाइटवर चासी नंबर टाकून पार्ट मागवले, २८८ बाय २५ च्या (व्यास २८८ मिमी, जाडी २५) डिस्क आल्या आणि त्यांचे पॅड. आज उजवी बाजू उघडली. डिस्क हबवर मस्त बसली, पाचही भोकं जुळली, पॅड पण सरकले, कुठे हातोडी लागली नाही, मी खूश. चाक चढवायच्या आधी सहज बॅटरी मारून बघितलं तर पॅडची वरची कड डिस्कच्या बाहेर! थोडीथोडकी नाही, चांगली करंगळीएवढी. जाडी मी आधीच मोजली होती हो, नवी २५, जुनी कडेला २५ च्या आसपास, म्हणजे माप तर बरोबर आहे. मेहुणा म्हणतो घासून घासून बसेल आपोआप. पॅड चुकीचे आलेत की डिस्क? गाडी स्टँडवरच आहे, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

-----

> पॅड चुकीचे आलेत की डिस्क?

अरे दोन्ही बरोबर आलेत, गाडी बदललीये :)

पहिलं म्हणजे मेहुण्याचं ऐकू नकोस आणि गाडी रस्त्यावर काढू नकोस. जेवढा पॅड बाहेर लटकतो तेवढा फुकट गेला, त्या भागाला झीज नाही म्हणून तिथे पायरी पडते, बाकीचा पॅड जास्त तापतो आणि वाकडा झिजतो. आपोआप काही बसत नाही.

आता दुसरं. मार्क ४ ला पुढे एकच डिस्क नव्हती. छोट्या इंजिनांना २८० बाय २२, त्यावरच्यांना २८८ बाय २५, मग ३१२ बाय २५, आणि आर३२ ला (सगळ्यात जोरदार मॉडेल) तर ३३४. मागे पण तेच, साधी २३२ बाय ९ ची भरीव डिस्क आणि जोरदार गाड्यांना २५६ बाय २२ ची हवेशीर. वर्ष तेच, बॉडी तीच, चासी नंबरात सातवं-आठवं अक्षर १ जे तेच, ब्रेक मात्र वेगळे. म्हणून २००२ ची गॉल्फ एवढंच सांगून काही मिळत नाही.

तू जाडी मोजलीस तिथेच घोटाळा झाला बघ. २८८ आणि ३१२ दोन्ही २५ च्याच. जाडीवरून ओळखता येतच नाही, व्यास मोजायला हवा. शिवाय कडेला मोजलीस म्हणतोस, तिथे पॅड टेकतच नाही, गंजाची कोर तशीच राहते, झीज कळायला आत मोजावं लागतं. आणि आत मोजून २२ आले म्हणून उड्या मारत २८० बाय २२ मागवणारे पण मी पाहिलेत, ती बिचारी २५ ची डिस्क झिजून २२ झालेली असते! कमीत कमी किती जाडी चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं, गंज घासून वाच.

माझा अंदाज, आधीच्या कोणा मालकाने ३१२ चे कॅरिअर (पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर बसतो तो कंस) टाकलेत. हा उद्योग फार सोपा आहे, २८८ चा कॅलिपर तोच राहतो, पॅड तेच, फक्त ऑडी टीटी वगैरेचं कॅरिअर आणि मोठी डिस्क घातली की कॅलिपर १२ मिमी बाहेर सरकतो. ३१२ वजा २८८ म्हणजे २४, त्याचे अर्धे १२. तुझी करंगळी किती जाड आहे ते तू सांग.

जुन्या डिस्क फेकल्या नाहीस ना? नवीवर जुनी ठेव, एका नजरेत कळेल. डिकीत स्पेअर चाकाच्या खळग्यात एक कागदी स्टिकर असतो, बारीक अक्षरात कोडांची रांग, त्यात १ एल किंवा १ झेडने सुरू होणारा पुढच्या ब्रेकचा, १ केने सुरू होणारा मागचा. पण लक्षात ठेव, तो स्टिकर कंपनीतून काय लागून निघालं ते सांगतो, आज काय लागलंय ते नाही.

आणि ३१२ निघाल्या तर स्पेअर बघून ठेव. त्यांना कमीत कमी १६ इंची चाक लागतं. मी हाच उद्योग माझ्या गाडीत मोठ्या हौसेने केला होता, मग एकदा भर पावसात रात्री पंक्चर झालं, १५ इंची स्टीलची स्पेअर काढली, कॅलिपरवर अडकून हबपर्यंत पोचेचना, शेवटी टो करून घरी. बायकोने अजून तो विषय सोडलेला नाही.

- काका

-----

काका, चासी नंबराला एवढं बदनाम नका करू, आमचा तर त्याने जीव वाचवला असता. आमची २००८ ची होंडा सिव्हिक होती, अमेरिकन. त्या पिढीत, म्हणजे २००६ ते २०११, एलएक्स मॉडेलला मागे ड्रम ब्रेक (त्यात पॅड नसतात) आणि ईएक्सला मागे डिस्क, इंजिन दोघांना तेच १.८. ह्यांनी नुसतं वर्ष आणि सिव्हिक टाकून मागचे पॅड मागवले, शनिवारी सकाळी चाक काढलं तर समोर ड्रम :( पॅड हातात घेऊन दोघं बघत बसलो. टोयोटा कॅम्रीचं तर अजून मजेशीर, कॅटलॉगमध्ये एकाच वर्षाला दोन ओळी दिसतात, जपानमध्ये बनलेली आणि उत्तर अमेरिकेत बनलेली, चासी नंबर जे ने सुरू होतो की ४ ने ते बघायचं. आणि दहावं अक्षर म्हणजे मॉडेल इयर, ते आरसी बुकातल्या तारखेशी जुळेलच असं नाही, वर्षाच्या शेवटी घेतलेली गाडी बऱ्याचदा पुढच्या मॉडेल इयरची असते.

तू मागचे ब्रेक पण करणार आहेस का रे? मार्क ४ चा मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही असं ऐकलंय.

- ताई

-----

बरोबर ऐकलंस. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे, पिस्टन फिरवत फिरवत आत घालायचा, क्लॅम्पने रेटलास तर कॅलिपर गेला. पुढचा नुसता दाबला तरी चालतो, फक्त ब्रेक ऑइलच्या डब्यावर नजर ठेव, पिस्टन आत जाताना ऑइल वर येतं, सांडलं की रंग खातं.

- काका

-----

काका, ताई, थँक्यू. तासभर डिकी उपसत होतो.

जुनी डिस्क नवीवर ठेवली, सगळीकडून सारखी बाहेर, टेप लावली तर ३१२. स्टिकरवरचा कोड शोधला तर कंपनीतून २८८ च लागल्या होत्या, म्हणजे वेबसाइट बिचारी बरोबर होती. मग कॅरिअरवर वायर ब्रश मारला, बाकी सगळं गंजलेलं आणि कॅरिअर तेवढे नवेकोरे, आधी लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या मालकाला फोन केला, तो म्हणाला हो हो मीच केलं होतं, सांगायचं राहिलं. सांगायचं राहिलं!! जुन्या डिस्कवर कोरलेला आकडा वाचला, आत मोजलेली जाडी त्याच्याही खाली गेलीये, त्यामुळे जुन्या परत लावायचा पण प्रश्न नाही, ३१२ च्या येईपर्यंत गाडी स्टँडवर. पॅड तेच चालणार हे ऐकून जरा बरं वाटलं.

स्पेअर पण चढवून बघितली काका. १५ इंची. अडकली.

तर माझ्याकडे २८८ बाय २५ च्या दोन कोऱ्या डिस्क पडून आहेत, एकदाच हबवर लागल्यात, एक किलोमीटरही चाललेल्या नाहीत. खोका फाडल्यामुळे परत घेत नाहीयेत. कुणाकडे मार्क ४ असेल तर घेऊन जा, पण आधी चाक काढून व्यास मोजा आणि आकडा मेलमध्ये लिहा, मगच देईन.